श्वासाचा हिशेब : जे. बी. एस. हॉल्डेन

पान खाणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी न शिकवता कळलेली असते. चुन्याची डबी रात्रभर उघडी राहिली, तर सकाळी चुन्यावर पांढरा कडक पापुद्रा धरतो आणि तो चुना जिभेला पूर्वीसारखा झोंबत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातलेली असते आणि ती निवळी बघता बघता दुधासारखी झालेली असते. दोन्ही ठिकाणी घडते ते एकच. चुना कार्बन डायऑक्साइड वायू पिऊन टाकतो आणि त्याचा खडू बनतो. दिवाळीला भिंतींना दिलेला चुना हळूहळू घट्ट होतो तोही याच कारणाने. या साध्या गुणावर गेली शंभरांहून अधिक वर्षे पाण्याखाली उतरणाऱ्या असंख्य माणसांचा जीव अवलंबून राहिला आहे, आणि तो गुण नेमका कोठवर साथ देतो, कोठे दगा देतो, हे शोधण्यासाठी ज्यांनी स्वतःचे फुप्फुस प्रयोगशाळा म्हणून वापरले त्यांत जे. बी. एस. हॉल्डेन हे नाव फार वरचे आहे.

कलाशाखेच्या महाविद्यालयाच्या अंकात वायूंची आणि क्षारांची ही कथा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. विसाव्या शतकातील या थोर शास्त्रज्ञापाशी विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी गणिताची पहिली परीक्षा प्रथम वर्गात दिली हे खरे. पण त्यांची पदवी होती ग्रीक आणि लॅटिन वाङ्मय, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयांची, आणि तीही प्रथम वर्गातली. म्हणजे आपल्या हिशेबाने ते बी. ए. झालेले गृहस्थ. शरीरशास्त्र ते शिकले ते वर्गात नव्हे, घरात.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे जगप्रसिद्ध अभ्यासक. खाणी, गटारे, गिरण्या, बोगदे, जिथे जिथे माणसे कोंदट हवेत काम करतात तिथे तिथे हा मनुष्य बाटल्या घेऊन जायचा आणि हवेचे नमुने घेऊन घरी यायचा. त्या नमुन्यांचे पृथक्करण करण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केले होते. मोजून घेतलेली हवा कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून फिरवायची. ते द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेई आणि हवा जितकी आटली तितका तो वायू तिच्यात होता, हा हिशेब. घरातच प्रयोगशाळा होती आणि मुलगा लहानपणापासून तिथे वडिलांच्या हाताखाली राबत होता. इतर मुले गोट्यांचा हिशेब ठेवतात त्या वयात हा मुलगा वायूंचा हिशेब ठेवायला शिकला. त्यांची धाकटी बहीण नेओमी मिचिसन पुढे नामवंत कादंबरीकार झाली. हेही त्याच घरातले.

वडिलांची शिकवण्याची पद्धत आजच्या पालकांच्या अंगावर काटा आणील अशी होती. एकदा खाणीत उतरल्यावर त्यांनी मुलाला, जिथे छतापाशी मिथेन वायू साचला होता अशा जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मधले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. मुलगा म्हणू लागला. थोड्याच ओळींत त्याला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगतची हवा चांगली होती, त्यामुळे तो शुद्धीवर राहिला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा त्याला पुस्तकातून वाचावा लागला नाही. वाङ्मयाचा असा उपयोग केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

१९०५ मध्ये थोरल्या हॉल्डेन यांनी प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर एक मूलगामी गोष्ट सिद्ध केली. आपण श्वास घेतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. फुप्फुसातल्या हवेत हा वायू जरासा वाढला की मेंदू श्वास जोराने चालवतो; कमी झाला की श्वास मंद होतो. म्हणूनच एखाद्या बंद पिशवीत प्राणवायू भरपूर असला, पण सोडलेला कार्बन डायऑक्साइड काढून टाकण्याची सोय नसली, तर मनुष्य धापा टाकत कासावीस होतो. उलट तो वायू नीट शोषला जात असेल आणि प्राणवायू मात्र संपत आला असेल, तर त्याला काहीच जाणवत नाही. तो शांतपणे बेशुद्ध पडतो. ही दोन वाक्ये पाणबुड्याच्या धंद्यात फार मोलाची आहेत.

त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने त्यांना पाणबुड्यांच्या प्रश्नात लक्ष घालायला लावले. त्या काळी पाणबुडा तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरे आणि वर होडीत माणसे हातपंपाने त्याला हवा पुरवीत. खोल गेलेला पाणबुडा थोडे काम केले की हतबल होई. पंप गळके होते हे एक कारण; पण मूळ कारण दाबाच्या गणितात होते. वायूचा शरीरावर होणारा परिणाम त्याच्या टक्केवारीवर नव्हे, तर टक्केवारी गुणिले दाब यावर ठरतो. ४० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. तिथे शिरस्त्राणात १ टक्का कार्बन डायऑक्साइड साचला, तर तो वर ५ टक्के असल्यासारखा छळतो. म्हणून पाणबुडा जितका खोल, तितकी हवा त्याच पटीने जास्त दिली पाहिजे, असा नियम त्यांनी घालून दिला. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ या चाचण्या चालल्या असताना १३ वर्षांच्या मुलालाही त्यांनी पाण्यात उतरवले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा; मनगटापाशी पाणी आत शिरू लागले आणि छातीपर्यंत चढले. मुलगा न घाबरता वर येईपर्यंत हवेची झडप सांभाळत राहिला.

ईटनच्या सुप्रसिद्ध शाळेत त्यांचे दिवस मारहाण आणि अपमान यांत गेले. तिथल्या मुलांचा दरारा आणि प्रतिष्ठेचा डौल यांविषयी त्यांच्या मनात जी तिडीक बसली ती जन्मभर गेली नाही. ऑक्सफर्डची पदवी हाती पडते न पडते तोच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि ते ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्र येथे क्लोरीन वायू सोडला. संरक्षणाचा उपाय शोधण्यासाठी वडिलांना आघाडीवर बोलावण्यात आले आणि त्यांनी मुलाला खंदकातून मागवून घेतले. बाप, लेक आणि काही सहकारी एका बंद खोलीत आळीपाळीने क्लोरीन हुंगत बसले. कोणता मुखवटा किती वेळ तग धरतो हे पाहत बसले. तेथून परतल्यावर ९ मेच्या चकमकीत धाकटे हॉल्डेन जखमी झाले. वायूने छाती इतकी बिघडली होती की त्यांना धावताही येत नव्हते. पुढे मेसोपोटेमियातही ते जखमी झाले आणि उपचारासाठी हिंदुस्थानात आले. या देशाशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, इस्पितळातल्या खाटेवरून.

युद्धानंतर ते ऑक्सफर्डला आणि मग १९२३ पासून केंब्रिजला शिकवू लागले. या काळात त्यांनी आपल्या शरीरावर जे प्रयोग केले ते ऐकून हसावे की रडावे कळत नाही. रक्तातले आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड यांचा संबंध पाहायचा होता. त्यासाठी कधी ते खाण्याचा सोडा पोटभर खात, तर कधी नवसागर पाण्यात विरघळवून पीत. नवसागराने रक्त आम्लधर्मी होई आणि ते आम्ल निपटण्यासाठी फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकू लागत. हा गृहस्थ काही दिवस नुसता धापा टाकत हिंडे. या खटाटोपातून तान्ह्या मुलांच्या आकडीवर एक उपचार निघाला. बाकी त्यांची मोठी कीर्ती आहे ती अनुवंशशास्त्रातली. डार्विनचा निवडीचा सिद्धांत आणि मेंडेलचे नियम यांची गणिताने सांगड घालणाऱ्या तिघांपैकी ते एक. १९३२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा उत्क्रांतीच्या कारणांवरचा ग्रंथ आजही वाचला जातो. पण त्याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण आपल्या चुन्याकडे वळू.

वरून नळीने हवा न घेता, आपलाच श्वास शुद्ध करून पुन्हा वापरायचा, अशा उपकरणाची गोष्ट १८७८ पासूनची. हेन्री फ्ल्यूस या इंग्रजाने कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेल्या दोरांच्या धाग्यांतून सोडलेला श्वास फिरवला आणि पिशवीत प्राणवायू भरत राहण्याची सोय केली. १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात पाणी भरले तेव्हा लँबर्ट नावाचा पाणबुडा हेच उपकरण पाठीवर घेऊन अंधारात शिरला आणि त्याने आतले लोखंडी दार बंद केले. पोटॅशच्या धाग्यांची जागा पुढे सोडा-लाइमच्या दाण्यांनी घेतली. त्यात मुख्य भाग विरलेला चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि पाण्याचा ओलावा. वायू आधी या ओलाव्यात विरघळतो, मग सोड्याशी संयोग पावतो आणि शेवटी चुन्यात खडू होऊन बसतो; सोडा मोकळा होऊन पुढच्या फेरीस तयार. दाणे अगदी कोरडे असले तर हा व्यवहार जवळजवळ चालतच नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याच्या यंत्रातही हेच दाणे असतात.

कागदावर हिशेब फार सुखाचा आहे. १ किलो सोडा-लाइमने सुमारे २४० लिटर कार्बन डायऑक्साइड शोषावा. स्वस्थ पडलेला माणूस तासाला १५ ते १८ लिटर सोडतो. म्हणजे तेरा-चौदा तासांची निश्चिंती. परंतु तोच माणूस पाण्यात जोराने पोहू लागला की मिनिटाला दोन लिटर सोडतो आणि मग तेरा तासांचे दोन तास उरतात. तेही हातात पडतात असे नाही. दाणे सैल भरले तर श्वास त्यांच्यातून सोपी वाट काढून जातो आणि बाजूचा चुना कोराच राहतो. म्हणून धान्याचे माप ठोकून भरावे तसा डबा ठोकून भरावा लागतो. दाणे बारीक केले तर शोषण चांगले, पण श्वास ओढताना दम लागतो; मोठे ठेवले तर श्वास मोकळा, पण वायू निसटतो. पाणी थंड असले की रासायनिक क्रिया मंदावते. खोलीवर वायू दाट होतो, दाण्यांपर्यंत पोचायला त्याला वेळ पुरत नाही. डब्यात समुद्राचे पाणी शिरले तर दाहक पाणी तोंडात येते आणि घसा भाजतो. शिवाय डबा संपत आला आहे हे बाहेरून दिसत नाही. ते कळते फक्त पाणबुड्याच्या छातीला, आणि कामाच्या धांदलीत छातीचे बोलणे कित्येकदा ऐकू येत नाही.

हे सारे सर्वांच्या ध्यानी आणून देणारी घटना १ जून १९३९ रोजी घडली. लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीसाठी बुडी मारत होती. चाचणी असल्यामुळे तिच्यात नौसैनिकांखेरीज गोदीतले कामगार, अभियंते असे मिळून १०३ लोक होते, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. पाणतीराची एक नळी बाहेरच्या बाजूने उघडी होती. ती कोरडी आहे की नाही हे पाहण्याचे एक बारीक छिद्र असते. ते रंगाने बुजले होते. छिद्रातून पाणी येत नाही म्हणून आतले दार उघडले गेले आणि समुद्र आत घुसला. पुढचे दोन कप्पे भरले, नाक तळाला रुतले. आतल्या लोकांनी रात्रभर पंप चालवून मागचा भाग हलका केला आणि सकाळी शेपटाचा तुकडा पाण्यावर आला. किनारा दिसत होता, जहाजे जवळ आली होती.

परंतु आत दुसराच शत्रू वाढत होता. दुप्पट माणसे, निम्म्यावर आलेली हवा आणि रात्रभराचे कष्टाचे काम. सकाळपर्यंत डोकी ठणकत होती, श्वास धापांत बदलले होते, साधे काम करणे अवघड झाले होते. प्रत्येकाजवळ सुटकेसाठी डेव्हिसचे उपकरण होते: छातीवर रबरी पिशवी, प्राणवायूची छोटी नळकांडी आणि कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी बेरियम हायड्रॉक्साइडचा डबा. सुटकेच्या कोठडीत पाणी भरून घ्यायचे, उपकरणातून श्वास घ्यायचा, दार उघडून वर यायचे. या मार्गाने चौघे वाचले. एका फेरीत वेळ वाचवण्यासाठी चार जण एकदम कोठडीत गेले आणि ती फेरी फसली. त्यानंतर दुपारी शेपूटही पाण्याखाली गेले. ९९ माणसे गेली.

उपकरणे होती, तर अधिक माणसे का वाचली नाहीत? मृतांमध्ये कारागीर होते. त्यांच्या कामगार संघटनांनी चौकशीत आपली बाजू मांडण्यासाठी हॉल्डेन यांना बोलावले. तेव्हा ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते, वय ४६, अंगाने धिप्पाड, स्वभावाने तिखट. तर्क लढवत बसण्याऐवजी त्यांनी थेटिसमधली हवाच पुन्हा तयार करायचे ठरवले. सीब गॉर्मन या पाणबुड्यांची साधने बनवणाऱ्या कंपनीत पोलादी दाबकोठी होती. तिच्यात आपल्याबरोबर बसायला त्यांनी चार माणसे निवडली, स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय पथकातून लढून आलेली. जी माणसे तोफांखाली डोके शांत ठेवतात ती कोंडलेल्या हवेतही ठेवतील, असा त्यांचा विचार. कोठीत माणसांच्या श्वासानेच हवा बिघडू दिली. दाह, डोकेदुखी, धाप, सगळे क्रमाने आले. मग त्यांनी डेव्हिसचे उपकरण तोंडाला लावले आणि शुद्ध प्राणवायू ओढला.

इथे जे दिसले ते कोणत्याही सामान्य बुद्धीला चकवणारे होते. शुद्ध हवा मिळताच आराम पडायला हवा, झाले उलटे. डोके अधिकच दुखू लागले, मळमळ सुरू झाली, उलटी झाली. कार्बन डायऑक्साइडला सरावलेले शरीर तो अचानक तुटल्यावर असे बंड करते. आता कल्पना करा, अंधाऱ्या, पाण्याने भरणाऱ्या कोठडीत, तोंडात रबरी नळी असताना माणसाला उलटी झाली तर काय होईल. तो नळी काढणार, आणि पाणी आत जाणार. हॉल्डेन यांनी चौकशीपुढे ही शक्यता मांडली. शोषकाचा डबा निर्दोष असला तरी तो फक्त पुढचा श्वास धुतो. जो विषार रात्रभर रक्तात मुरला आहे त्याला तो काही करू शकत नाही. सुटकेची घडी उपकरणावर नव्हे, तर आतली हवा किती बिघडली आहे यावर ठरवली पाहिजे, हा त्या प्रयोगाचा मथितार्थ. हवा बिघडण्याआधी निघा, किंवा ती शोषकाने ताब्यात ठेवा. तिसरी वाट नाही. चौकशीत कोणावरही दोष ठेवला गेला नाही आणि नातेवाइकांनी लढवलेला खटला १९४६ मध्ये सर्वोच्च पातळीवरही हरला. मला मात्र या प्रकरणात राहून राहून वाटते ते हे की, ज्या कामगारांच्या विधवांसाठी शास्त्रज्ञ स्वतः गुदमरून पाहतो, त्याच्या साक्षीचे मोल निकालपत्रावरून करू नये.

तीन महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नौदलाने त्यांना त्याच दाबकोठीत कामाला लावले. मार्टिन केस, हेलन स्पर्वे आणि इतर सहकारी त्यांच्याबरोबर होते. स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रीन हेही एकदा या मंडळींत बसले होते. दहापट दाबाखाली, म्हणजे सुमारे ९० मीटर खोलीएवढ्या दाबात, ते बेरजा-वजाबाक्या सोडवीत, कधी वितळत्या बर्फाच्या पाण्यात बसून कार्बन डायऑक्साइडमिश्रित हवा ओढीत. दाट नायट्रोजनने येणारी गुंगी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की माणूस फार लवकर शुद्ध हरपतो, हे त्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. प्राणवायूचेही तेच. दाबाखाली शुद्ध प्राणवायू विष होतो, आकडी येते, आणि कार्बन डायऑक्साइड साचलेला असेल तर ती लवकर येते, कारण हा वायू मेंदूकडे रक्ताचा लोट वाढवतो. म्हणजे शोषकाचा डबा नीट भरला नाही तर धाप लागते एवढेच नव्हे, प्राणवायूचे विषही लवकर चढते. सातपट दाबाखाली प्राणवायू ओढताना हॉल्डेन यांना काही मिनिटांतच अशी आकडी आली आणि पाठीचे मणके चेपले. ते दुखणे जन्माचे सोबती झाले. कानाचे पडदे फाटले त्याची मात्र ते थट्टाच करीत. अशा कानातून सिगारेटचा धूर काढता येतो हा बैठकीतला चांगला खेळ आहे, असे त्यांचे मत होते.

हे कष्ट कोणासाठी? नौदलाला पाणतीरावर स्वार होऊन शत्रूच्या बंदरात शिरणारे पाणबुडे हवे होते. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे वर दिसता कामा नयेत. म्हणून बंद पिशवी, शुद्ध प्राणवायू आणि सोडा-लाइमचा डबा हेच त्यांचे साधन. १९४२ पासून केनेथ डोनाल्ड या नौदलाच्या डॉक्टरांनी शेकडो चाचण्या घेऊन प्राणवायूच्या मर्यादा आखल्या. आणि योगायोग असा की, जानेवारी १९४३ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मो बंदरावर अशा पाणबुड्यांना वाहून नेणाऱ्या जहाजांत एक पाणबुडी होती ‘थंडरबोल्ट’. ती म्हणजे समुद्रतळातून वर काढून, दुरुस्त करून, नाव बदललेली थेटिसच. मार्च १९४३ मध्ये इटालियन युद्धनौकेने तिला पुन्हा बुडवले. या खेपेस कोणीही वाचले नाही.

हॉल्डेन यांना देव्हाऱ्यात बसवावे असे मात्र मी म्हणणार नाही. ते उर्मट होते, भांडखोर होते. १९४२ मध्ये ते उघडपणे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि लायसेन्कोने रशियात अनुवंशशास्त्राची हत्या चालवली असताना, त्या शास्त्राचा हा महारथी कितीतरी काळ स्पष्ट बोलला नाही. स्वतःच्या रक्तावर निर्दय प्रयोग करणाऱ्या माणसाने स्वतःच्या मतांवर ते करायला वेळ लावला. १९५० च्या सुमारास त्यांनी पक्ष सोडला.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्पर्वेसह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुवेझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध हे कारण त्यांनी जाहीर केले. धोतर-कुडता घालू लागले, मांसाहार सोडला आणि भारताचे नागरिक झाले. सुरेश जयकर, कृष्ण द्रोणमराजू अशा तरुणांना त्यांनी मोठमोठी यंत्रे नसतानाही, झाडांची पाने आणि पाकळ्या मोजूनही, शास्त्र करता येते हे शिकवले. महालनोबीस यांच्याशी पटेना तेव्हा संस्था सोडून ते भुवनेश्वरला गेले. बिजू पटनाईक यांच्या ओरिसा सरकारने त्यांना प्रयोगशाळा उभारून दिली. तिथे त्यांना कर्करोगाने गाठले. आजारावर त्यांनी विनोदी कविता लिहिली आणि बी.बी.सी.साठी आपला मृत्युलेख स्वतःच बोलून ठेवला.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. देह जाळू किंवा पुरू नये, विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे तो काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवण्यात आला. प्राणवायूच्या आकडीने चेपलेले पाठीचे मणके त्याच्याबरोबरच गेले.